माफ केलं म्हण

न्हाणीघरात लोटा बादलीवर आपटला, तेव्हा कुठे त्रिशलाच्या जिवात जीव आला. केव्हाची ती टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी होती आणि आत पाण्याचा टिपूसही वाजत नव्हता. गळ्याशी आलेली हाक तिने गिळली. लोट्यानंतर पुन्हा तीच शांतता. मग एक बारीकसा शिंतोडा, कोंबडीच्या पिल्लाने पंख झटकावेत एवढा.

"नमन, बादली भरून दिली ना बावा? घे की अंगावर."

"घेतलं."

"डोक्यावरून?"

आत लोटा पुन्हा बादलीवर आपटला.

दहा वर्षांचं पोर. राखीपर्यंत या पोराला नळाखालून ओढून काढावं लागायचं. पाण्यात बसलं की बोटांच्या सुरकुत्या दाखवत हसायचं, "पाह्य मम्मी, मी म्हातारा झालो." श्रावण सरता सरता काय झालं कोण जाणे, पाण्याला बिचकायला लागलं. गादी ओली व्हायला लागली. सासूबाई म्हणाल्या, जंत झाले असतील, वावडिंग द्या. सासरे कैलासचंदजी म्हणाले, आधी तो मोबाइल बंद करा. मयंक, तिचा नवरा, मानोऱ्याच्या बाजारपेठेत बी-बियाण्याचं दुकान सांभाळणारा, म्हणाला, "अगं, पाचवीत गेला आता. लाजते तो." तिने वावडिंगही दिलं, मोबाइलही लपवला, आणि लाजण्याचंही खरं मानलं. आईच्या मनात पाल चुकचुकत होती, पण दिवसभराच्या कामात पालीचं कोण ऐकतं.

गंमत म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांच्या मनात काय चाललंय हे ऐकण्याचंच काम ती शाळेत करत होती.

त्रिशला मानोऱ्यातल्याच एका शाळेत पाचवीला शिकवायची. पाचवीची तुकडी एकच, त्यामुळे नमनही तिच्याच वर्गात. घरी मम्मी, शाळेत मॅडम. उन्हाळ्यात शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं होतं. पोरांना स्वतःचं मन ओळखता यावं, दुसऱ्याचंही कळावं, त्यासाठी काय काय करायचं ते तिथे सांगितलं. बाकीच्यांनी समोशाची चव लक्षात ठेवली. त्रिशलाच्या मात्र ते काळजात जाऊन बसलं. ती ज्या घरात वाढली आणि ज्या घरात आली, तिथे 'जेवलीस का' विचारणारे पुष्कळ होते. 'बरी आहेस का' विचारणारं कोणी नव्हतं. नमनच्या वाढदिवसाच्या उरलेल्या कागदी प्लेटांवर तिने चेहरे काढले: आनंद, राग, भीती, दुःख, लाज, आणि एक कोरा, ज्याला काय वाटतंय तेच कळत नाही त्याच्यासाठी. त्या भिंतीला टांगल्या. शनिवारी दप्तर नसायचं. त्या दिवशीचा पहिला तास मनाचा.

"राग आला की अंगात कुठं कळतं?" ती विचारायची.

"मॅडम, माहे कान गरम होतात."

"माह्ये दात आपोआप वाजतात."

देवानंद उठायचा. तांड्यावरून सायकलने येणारा, वर्गाचा नकल्या. "मॅडम, भूक लागनं हे भावना हाये का?"

"नाही रे. ती भूक."

"मंग हे माह्या मायले सांगा. थे म्हनते, तुले भूक नाई लागली, तुले नुसतं वाटून राह्यलं."

वर्ग हसून लोळायचा. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी धम्मदीपा तेवढी हसायची नाही. तिला विचारलं, तुला कसं वाटतं, की ती उठून कोऱ्या प्लेटेकडे बोट करायची आणि खाली बसायची. दर शनिवारी कोरी. दर वेळी तेवढंच बोट.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. राखीनंतरच्या रविवारी तिचा धाकटा भाऊ सुमेध, पहिलीतला, दिग्रस रोडकडच्या एका शेततळ्यात बुडाला. शेततळं म्हणजे शेतात खोदलेला मोठा चौकोनी हौद, आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. कागद ओला झाला की त्यावर कुत्र्याचाही पाय ठरत नाही. आई भागिरथा त्या दिवशी सोयाबीन निंदायला गेलेली. बाप रवी पुसदला गवंड्याच्या हाताखाली. सुमेधवर लक्ष ठेवायचं काम धम्मदीपाचं. भांडी घासून तिने वर पाहिलं तो अंगणात पोर नाही. दुसऱ्या दिवशी सापडलं. एक चप्पल पाण्यावर तरंगत होती, त्यावरून लोकांनी ताडलं की चप्पल काढायला उतरलं असेल. पण एवढंसं लेकरू एवढ्या दूर एकटं गेलंच कसं, हे कोणालाच सांगता आलं नाही. मग त्याचं उत्तर लोकांनी धम्मदीपाकडे मागितलं. तिच्याकडे ते नव्हतं.

त्रिशला भेटायला गेली होती तेव्हा धम्मदीपा चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. भागिरथा तिच्याकडे न बघता म्हणाली, "हिच्या भरोशावर ठेवलं होतं मॅडम, माहं लेकरू." आवाज चढला नाही, रडूही नाही. आज ऊन आहे म्हणावं तसं म्हणाली. पोरीने ट्रे हलू दिला नाही. चहाचा एक थेंब बशीत सांडला नाही. घरी येताना त्रिशलाने मनाशी गाठ मारली: या पोरीला एकदा पोटभर रडू द्यायचं. त्याशिवाय ही जगायची नाही.

पण ते जमेना. गोष्टी सांगून झाल्या, चित्रं काढून झाली. धम्मदीपाने दिलेल्या कागदावर घर काढलं, झाड काढलं, माणूस एकही काढला नाही.

आणि मग जैनांची क्षमावाणी आली.

दशलक्षणाचे दहा दिवस संपले, सासऱ्यांचे उपास सुटले, आणि दरवर्षीप्रमाणे घरभर हात जोडले गेले. सून सासूला, सासू सुनेला, भाऊ भावाला, दुकानदार गिऱ्हाइकाला. जाणता-अजाणता माझ्याकडून तुमचं मन दुखलं असेल तर क्षमा असावी. समोरच्यानेही हात जोडायचे आणि क्षमा द्यायची. काय चुकलं, कधी चुकलं, कोणी विचारत नाही. विचारायचंच नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाई तिला माहेरच्यांवरून चार बायकांत जे बोलल्या होत्या, ते याच दिवशी एका नमस्कारात मिटलं होतं. दोघी रडल्या होत्या आणि मग दोघींनी मिळून पुरणाचा घाट घातला होता. घरातलं किती तरी या एका न विचारण्यावर निभावलेलं होतं. त्रिशलाला वाटलं, माझ्याकडे एवढी मोठी गोष्ट आहे आणि मी कागदी प्लेटा कुठे टांगत बसले!

शनिवारी तिने बाक भिंतीला सारले आणि पोरांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या केल्या.

"ज्याचं मन आपण दुखावलं असं वाटतं, त्याच्यापुढे जायचं. हात जोडायचे. म्हणायचं, जाणता-अजाणता माझ्याकडून काही झालं असेल तर मला माफ कर. समोरच्याने म्हणायचं, माफ केलं. बस्स."

"काय केलं थे सांगाचं का मॅडम?" देवानंदने विचारलं.

"नाही. काय केलं ते सांगायची गरज नाही. आणि कोणी विचारायचंही नाही."

"मंग तं सोपंच झालं," देवानंद म्हणाला आणि सरळ रुचापुढे जाऊन उभा राहिला. "माफ कर वं."

"तुनंच माही पेन्सिल चोरली होती ना?"

"मॅडम, हे विचारून राह्यली! आउट!"

हशा पिकला. मग एकेक पोर हलायला लागलं. कोणी हात जोडता जोडता चिमटा काढला, कोणी खरंच रडवेलं झालं. मागच्या बाकावरची दोन पोरं महिनाभर बोलत नव्हती, ती एकमेकांच्या गळ्यात पडली. त्रिशलाचा ऊर भरून आला. नमन मात्र भिंतीला टेकून उभा होता, नखाने पोपडा काढत. मॅडमचा मुलगा म्हणून त्याला सूट दिली, असं पोरांना वाटायला नको, म्हणून ती म्हणाली, "नमन, तूपण जा. कोणाचंच मन दुखावलं नाहीस का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं तिला पुढे कित्येकदा आठवलं. तो चालत गेला तो थेट खिडकीपाशी, धम्मदीपापुढे. हात जोडले. ओठ हलले, आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाला.

"जाणता-अजाणता... मले माफ कर."

धम्मदीपा गोंधळली. "कायची माफी?"

नमन रडायला लागला.

"तुनं तं मले कदी काईच केलं नाई," ती म्हणाली. आणि आता ती त्याच्याकडे नीट बघू लागली होती, चेहऱ्यावरची कोरी प्लेट गळून पडल्यासारखी. "काय केलं? सांग ना. काय केलं तुनं?"

पोरं हात जोडायची थांबून तिकडे बघू लागली.  नमन नेमका हिच्याच पुढे का आला, हे विचारायला त्रिशला थांबली असती तर! पण ती मॅडम होती, तास चालू होता, आणि आपलं पोर सगळ्यांसमोर हुंदके देत होतं. ती पुढे गेली, धम्मदीपाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली,

"धम्मदीपा, कारण नाही ना विचारायचं? बघ, तो किती रडतोय. माफ केलं म्हण."

पोरीने नमनकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"माफ केलं, मॅडम," ती म्हणाली.

दुपारी घरात दोघंच होती. सासूबाई मंदिरात गेलेल्या, पुरुष दुकानावर. नमनने वरणभात चिवडला आणि ताट सरकवलं. त्रिशलाने त्याला जवळ ओढलं. डोक्याला वास येत होता. कित्येक दिवस त्याने डोक्यावरून पाणी घेतलंच नव्हतं.

"धम्मदीपाची माफी कायची होती रे?"

"तिनं केलं ना माफ?"

"केलं."

"सगळ्यासमोर केलं. तू ऐकलं."

"हो. ऐकलं."

"म्हणून तुले सांगतो." त्याने तिच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "थो मागं मागं येत होता, मम्मी. आमी सायकलवर होतो, थो पळत. गल्लीतले पोरं पुढं निघून गेले, त्याइले थो दिसलाच नाही. मी म्हटलं, जाय घरी. थो म्हणे, दादा, मी बी येतो. जातच नव्हता. मग मी त्याची चप्पल काढून फेकली. म्हटलं, हा आणाले जाईन तवर आपण पळून जाऊ. मले वाटलं गवतात पडन. थे कागदावर पडली, अन् घसरत घसरत खाली गेली."

"मग?"

"मग थो बसून बसून उतरला. घसरगुंडीसारखा. हसत होता."

"मग?"

"मग नाही हसला."

त्रिशला उठली आणि तिने आधी खिडकी लावली.

तिला नंतर त्याचीच लाज वाटली. रडू नाही आलं, त्या लेकराचं नाव तोंडात नाही आलं, आधी हात खिडकीकडे गेला. कडी घालून ती परत आली तेव्हा नमन तिच्याकडे बघत होता. त्यालाही ती खिडकी कळली होती.

"मी हात दिला होता, मम्मी. माहाही पाय घसरला. मग मी वर आलो अन् पळालो. मले वाटलं कोणीतरी मोठं येईन. थो दादा दादा करत होता. लय दूरवर ऐकू येत होतं." त्याचे दात वाजत होते. "तू म्हटली ना, काय केलं ते सांगाची गरज नाही."

तिने त्याला छातीशी धरलं, इतकं घट्ट की तो "दुखते" म्हणाला. तेव्हा सोडलं.

मयंकला तिने दिवस मावळायच्या आत सांगितलं, घरच्या रिवाजाने उजेडातच होणारी जेवणं आटोपल्यावर, गच्चीवर. तो ऐकत गेला तसा खाली बसत गेला. शेवटी पाण्याच्या टाकीला टेकून बसला. मग म्हणाला, "अजून कोणाले सांगितलं त्यानं?"

"कोणालाच नाही."

"मग झालं."

"काय झालं? ती पोरगी घरी काय सोसते माहीत आहे का तुम्हाला? तिची आई तिच्याशी बोलत नाही. आपल्यामुळे."

"आपल्यामुळे काय? पोट्ट्यानं मारलं का त्याले? चप्पल फेकली. लहानपणी म्या किती लोकाइच्या चपला फेकल्या." मग त्याचाच आवाज बसला. "हे पाह्य. पोलीस काही करणार नाहीत, पोरगं लहान आहे. पण लोक सोडतीन का? शाळेत, दुकानावर, उद्या त्याच्या लग्नात? ज्यानं लेकरू बुडवलं थो हा, असंच म्हणतीन. जलमभर. अन् तिनं माफ केलं ना? आख्ख्या वर्गासमोर?"

"काय माफ करते हे तिला माहीत नव्हतं."

"आपल्यात कोणाले माहीत असते? बाबा दरसाल आख्ख्या बाजारपेठेले हात जोडतात. एकानं तरी विचारलं का, कैलासचंदजी, कोणत्या साली काय केलं थे सांगा?"

एरवी ती हसली असती. मयंकलाही ते कळलं असावं, कारण त्याने तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. हा माणूस वडील आजारी पडले तेव्हाही रडला नव्हता. ती त्याच्या शेजारी बसली. खाली रस्त्यावर एसटी वळत होती, कंडक्टर कोणावर तरी खेकसत होता. मयंक म्हणाला, "तू आई हायस त्याची. हे एवढं ध्यानात ठेव."

ती तेच ध्यानात ठेवत होती. तीच तर अडचण होती. भागिरथाही आईच होती.

रविवारी ती निघाली तेव्हा सांगायचं की नाही हे तिचं ठरलेलं नव्हतं. सासूबाईंना म्हणाली, एका मुलीला बरं नाही, बघून येते. पोरगी कशी आहे तेवढं बघू. जमलं तर आईला म्हणू, तिला जवळ घ्या, ती लहान आहे. नाव न घेताही एवढं म्हणता येईल. रस्ताभर ती अशा वाक्यांची जुळवाजुळव करत राहिली, ज्यांत नमन येणार नाही आणि धम्मदीपा सुटेल.

बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. भागिरथा अंगणात मुगाच्या शेंगा झोडत बसली होती. काठी पडली की वाळलेल्या शेंगा तडतडायच्या. तिने पदराने खुर्ची पुसली.

"या मॅडम. बसा." आणि लगेच, जणू त्रिशला तेच विचारायला आली होती, म्हणाली, "पोरगी बोलली काल."

"बोलली?" त्रिशलाला नको असतानाही आनंद झाला.

"शाळेतून आली अन् माह्यापुढं हात जोडले. म्हने, आई, जाणून-अजाणून माह्याकडून काई झालं असन तं मले माफ कर. म्या इचारलं, काय केलं तुनं? तं म्हने, काय केलं थे सांगाचं नसते. मॅडमनं शिकवलं." काठी थांबली. "मॅडम, जे सांगता येत नाई, असं काय असते?"

"ताई, तसं नाही ते. ती आमच्याकडची एक रीत आहे, मी वर्गात..."

"इतके दिस म्या मनाले समजावत होती. नजर चुकली असन पोरीची. थे बी लेकरूच हाय. पन आता तिनंच हात जोडले. बिनकसूर कोनी हात जोडते का? हाकललं का तिनं त्याले? मारलं का? काय केलं? काल दिवसभर इचारलं. बोलत नाई. नुसती हात जोडते." भागिरथाने काठी बाजूला ठेवली आणि आपले दोन्ही तळवे बघितले. "लय मारलं म्या तिले, मॅडम. तरी बोलत नाई."

आतल्या दाराशी धम्मदीपा उभी होती. गालावर बोटं उमटलेली. त्रिशलाकडे बघून तिने सवयीने हात जोडले, 'नमस्ते मॅडम'चे हात. पण आईची नजर त्या हातांवर पडताच ते पटकन खाली गेले.

"तिची आत्या राह्यते चाकणले. उद्या सकाळच्या गाडीनं पाठवून राह्यली तिले. राहीन तिथं, करीन धुनीभांडी. मले थे डोळ्यासमोर नको."

"आणि शाळा?"

"तुमची शाळा शिकूनच हे झालं ना."

त्रिशलाने जुळवलेली वाक्यं एकही उपयोगाची नव्हती. कोणाचीच चूक नव्हती म्हणावं, तर या बाईला ते मुलीच्या बाजूचं खोटं वाटलं असतं. एकच गोष्ट होती जी या पोरीला उद्याच्या गाडीतून उतरवू शकत होती, आणि ती सांगितली की दुसरं एक पोर कायमचं तशाच कुठल्या तरी गाडीत चढणार होतं. तिला नमनच्या बोटांच्या सुरकुत्या दिसल्या. पाह्य मम्मी, मी म्हातारा झालो.

"ताई," ती म्हणाली, "माझा नमन तिथे होता."

पुढचं तिने खाली बघून सांगितलं. एक शेंग बोटांत धरून, तिचा चुरा करत. मागे पळणारं पोर सांगितलं, चप्पल सांगितली, कागद सांगितला. दिलेला हात सांगितला, आणि मग पळून आल्याचंही सांगितलं. 'दादा' तेवढं सांगवेना. मग तेही सांगितलं.

ऐकून झाल्यावर भागिरथा ओरडेल, अंगावर येईल, वस्ती गोळा करेल, असं तिला वाटलं होतं. त्याची तयारी करून ती खुर्चीची कडा धरून बसली होती. भागिरथा उठलीसुद्धा नाही. विहारावरचा निळा झेंडा वाऱ्याने एकदा फडफडला आणि पडला.

"हसत होता म्हनता?"

"हो."

"उतरताना?"

"हो, ताई. घसरगुंडीसारखा."

भागिरथाने मान हलवली. हलवतच राहिली. मग म्हणाली, "तुमी जा, मॅडम. सुमेधच्या बापाले फोन करतो मी. थो आला की काय होईन थे होईन. तुमच्या पोराले काई म्हनाले माह्या तोंडात आता काई नाई. पन तुमी जा. इथं बसू नका."

त्रिशला उठली, पण तिचा पाय निघेना. ती वाट बघत होती. आता ही बाई मान वर करेल, दाराकडे बघेल, पोरीला ये म्हणेल. तेवढ्यासाठी तर आले. भागिरथाने काठी उचलली आणि शेंगांवर मारली. पुन्हा मारली. दाणे कधीच सुटले होते, टरफलांचा भुसा झाला होता, तरी ती मारत राहिली. दाराकडे तिने एकदाही पाहिलं नाही. इतके दिवस नजर तिकडे न नेण्याची सवय झाली होती. एका दुपारीत ती कशी मोडणार? की आता त्या गालावरच्या बोटांकडे बघण्याची तिची छाती नव्हती?

त्रिशलाच मग दाराशी गेली. चप्पल न काढता उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली, म्हणजे पोरीचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं.

"ऐकलंस ना तू? तुझी काही चूक नव्हती. काहीच नव्हती."

धम्मदीपाने मान डोलावली. रडली नाही. ती काहीतरी जुळवत होती. वर्गात गणित सोडवताना तिच्या कपाळाला पडायची तीच आठी पडली होती.

"म्हणून रडत होता थो."

"हो."

"अन् तुमाले तवा माहीत नव्हतं."

"नाही गं. शपथ, नव्हतं माहीत."

मागे काठी पडत होती. पोरीने एकदा आईकडे पाहिलं, मग पुन्हा त्रिशलाकडे, आणि आवाज अगदी खाली आणला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी माफ केलं म्हटलं होतं त्याले."

"हो."

"तुमी म्हन म्हटलं म्हनून."

 त्रिशलाने मान डोलावली.

"मंग मॅडम, थे वापस घेता येते का?"